वीस पॅरामीटर आणि एक ऋण आकडा

सागरी परिसंस्थेच्या मॉडेलवर माझं पहिलं काम संवेदनशीलता विश्लेषणाचं होतं, म्हणजे मॉडेलमधले ठरवून दिलेले आकडे (पॅरामीटर) बदलले की उत्तर किती बदलतं ते पाहणं. मॉडेल छोटं होतं. नायट्रेट, वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती), प्राणिप्लवक (त्यांना खाणारे बारीक प्राणी) आणि मृत कण या चौघांत फिरणारा नायट्रोजन, आणि त्याला वीस पॅरामीटर. मी सगळे सरसकट ५० टक्के वर-खाली केले, आणि तिथेच चुकलं.

प्राणिप्लवकांनी खाल्लेल्यापैकी अंगी लागणारा वाटा ०.७५ धरला होता. दीडपट केल्यावर तो १.१२५ झाला, म्हणजे खाल्लं त्याहून जास्त अंगी लागायला लागलं. मॉडेल मात्र बिनबोभाट चाललं. एकूण नायट्रोजनची बेरीजसुद्धा जुळली, कारण उरलेला ऋण वाटा मृत कणांतून वजा होत होता. त्यांचा आलेख काढला तेव्हा कुठे हे दिसलं. तेव्हापासून मी आधी प्रत्येक पॅरामीटरची स्वतंत्र मर्यादा ठरवतो: मोजमापं काय सांगतात, वाटा असेल तर तो एकच्या आत राहतो का, अनिश्चितता काही पटींची असेल तर लॉग (पटींत मोजणारं) प्रमाण घ्यायचं का. या कामाला आठवडा लागला तरी लागू द्या.

पद्धत निवडताना आधी धावांचा, म्हणजे मॉडेल किती वेळा चालवावं लागेल याचा, हिशेब करा. मॉरिस पद्धतीत एका वेळी एकच पॅरामीटर हलवत सगळे एकदा हलवले की एक मार्ग पुरा होतो; वीस पॅरामीटर आणि दहा मार्ग धरले तर २१० धावा पुरतात. सोबोल निर्देशांक उत्तरातल्या चढउताराचा किती वाटा कोणत्या पॅरामीटरमुळे ते सांगतात; त्यांच्यासाठी, नेहमीच्या सॅल्टेली नमुनापद्धतीत हजाराचा मूळ नमुना घेतला, तर २२,००० लागतात. म्हणून मॉरिसने चाळणी लावायची आणि उरलेल्या पाच-सहांवर सोबोल. मॉरिसमध्ये परिणामांची साधी सरासरी घेऊ नका, अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. निरपेक्ष मूल्यांची घ्या.

आणि उत्तर म्हणून काय मोजताय? वार्षिक सरासरी उत्पादन घेतलं तेव्हा माझ्या यादीत प्रकाशाचे पॅरामीटर खाली होते. वसंतातल्या बहराची तारीख घेतली आणि तेच वर आले. त्यामुळे ‘हा पॅरामीटर महत्त्वाचा’ हे वाक्य मी आता अर्धवट मानतो.

शेवटची गोष्ट मला फार उशिरा उमगली. संवेदनशील पॅरामीटर निरीक्षणांवरून ठरवता येईलच असं नाही. नायट्रेट अगदी कमी असताना वनस्पतिप्लवकांच्या वाढीचा दर हा कमाल दर आणि अर्धसंपृक्तता स्थिरांक (ज्या नायट्रेटला दर कमालच्या निम्मा होतो ते प्रमाण) यांच्या गुणोत्तरावरच चालतो. दोन्ही दुप्पट करा, वक्र जवळपास तोच राहतो. कॅलिब्रेशनला, म्हणजे निरीक्षणांशी जुळवून पॅरामीटर ठरवायला, बसण्याआधी अशा जोड्या शोधा.