तलावात मासे वर तोंड काढून दिसले तं गरी टाकू नका

मागच्या रविवारी आमी चौघं दोस्त पहाटे पाचला गावाजवळच्या मामा तलावावर गेलो, दुपारी दोनपर्यंत बूड शेकलं अन चौघांत मिळून एक बोटभर मासोळी. घरी आईनं पिशवीत डोकावलं, काई बोलली नाई, वांगे चिरायला घेतले.

तर आमचं काय चुकलं ते सांगतो, तुमी करू नका.

आधी परवानगी. मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदाराइच्या काळातले; आईचा भाऊ नाई, पुण्याच्या दोस्ताले दरवेळी सांगा लागते) बहुतेक मासेमारी करणाऱ्या ढिवर लोकाईच्या सोसायटीकडे लीजवर असतात, त्याइले विचारल्याशिवाय गरी टाकायची नाई. आमी विचारलं होतं, तेवढंच बरोबर केलं.

मग आभाळ पाहा. तीन दिवसापासून ढग गच्च, वारा बंद, अन सकाळी पाहतो तं मासेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करून राहिले! आमी खुश, म्हटलं आज पोतं भरते. सोसायटीचे काका बांधावरून ओरडले, "पोट्टेहो, पान्यात हवा नाई तं मासा खाईन कसा?" रात्रभर शेवाळ अन पाणवनस्पती पाण्यातला ऑक्सिजन खातात, दिवसा ऊन असलं तर परत तयार करतात, पण ढग असले की तो भरूनच निघत नाई, मग पहाटे सगळ्यात कमी. मासा वर येते ते श्वासासाठी, भूक मेलेली असते. अशा दिवशी घरी झोपा, ऊन पडून वारा सुटला की दुसऱ्या दिवशी या.

खोली मोजा, दोरीले गोटा बांधून. कतला वरच्या पाण्यात खाते, रोहू मधल्या, मिरगल तळाशी. आमची गरी चिखलात अन वाट कतल्याची, आता काय बोलावं.

चारा साधा: धानाचा कोंडा अन भुईमुगाची ढेप अर्धी अर्धी भिजवून गोळे करा, एकाच जागी टाका, अर्धा तास गप्प बसा. गरीले कणकेचा घट्ट गोळा, वाटाण्याएवढा. मोबाईलवर गाणे लावून काठावर धपधप चालाल तं झालं, आमच्यातल्या एकानं तेच केलं.

अन त्यानंच ऑनलाइन गरीचा चमचमता पत्रा (पाण्यात लहान मासोळीसारखा दिसते) मागवला होता, विदेशी सालमनवाल्याचे व्हिडिओ पाहून. सालमन लहान मासे खाते म्हणून त्या पत्र्यावर झडप घालते, रोहू त्याच्याकडे कायले पाहीन? दोन पत्रे कमळाच्या देठात अडकून गेले.

हां, मरळ असली तं तो पत्रा चालते, ती शिकारी आहे. फक्त पावसाळ्यात लालसर पिल्लाइचा घोळका वर फिरताना दिसला तं तिथं टाकू नका, खाली मायबाप राखणीले असतात, ते गेले की बाकीचे मासे पिल्लाइले गट्टम करतात.