मुलांना संगीत नाटकाला नेताना

ठाण्याचं गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं भावे नाट्यगृह, कुठेही जा, पण मुलांसोबत बाल्कनीची पहिली रांग नको. कठड्यामुळे लहान मुलाला रंगमंचाचा पुढचा भाग दिसत नाही. अगदी पुढच्या रांगांत मान वर करून बसावं लागतं आणि स्पीकरचा आवाज थेट कानावर येतो. सहावी ते दहावी रांग, वाटेलगतची खुर्ची, हे उत्तम. पुढे उंच माणूस आला तरी मूल वाटेच्या बाजूने वाकून पाहू शकतं.

दुमडणाऱ्या खुर्चीत हलकं मूल घडीत अडकतं. त्याला खुर्चीच्या पुढच्या कडेकडे सरकवून बसवा, खाली चौपदरी शाल घाला. एसीत तीच अंगावर घेता येते.

आदल्या दिवशी गोष्ट सांगाच. ‘संगीत सौभद्र’ १८८२ सालचं. त्यातली भाषा मुलांना कळत नाही, पण सुभद्रेला अर्जुनच हवा, दादा बलराम तिचं दुर्योधनाशी लग्न ठरवतोय आणि कृष्ण गुपचूप डाव टाकतोय, एवढं माहीत असलं की मुलं रंगून पाहतात. एक-दोन पदं आधी ऐकवली तर फारच छान. ओळखीची चाल सुरू झाली की मूल आपसूक सावरून बसतं.

पहिल्या घंटेआधी शू उरकून घ्या. पदांना ‘वन्स मोअर’ मिळाला की मध्यंतर उशिरा होतं, म्हणून निघताना पोटभर खाऊ घाला. मध्यंतरात एकाने मुलाला घेऊन आधी स्वच्छतागृह गाठावं, दुसऱ्याने वड्याच्या रांगेत उभं राहावं.