राणी नुसती नावाला होती की खरंच राज्य करत होती? हे तपासायचं कसं

३१ मेला अहिल्याबाई होळकरांची जयंती असते, मार्चमध्ये महिला दिन असतो, म्हणजे वर्षातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला राणीवर भाषण नाहीतर रीलची स्क्रिप्ट लिहायची असते. मग गूगल करून तेच तीन शब्द उचलले जातात, शूर, धर्मपरायण, प्रजावत्सल, झालं भाषण. अहो हे तीन शब्द कुठल्याही राजाला लावा, बसतील. बाईनं सत्ता कुणाच्या हातातून घेतली, कशाच्या जोरावर घेतली आणि टिकवली कशी, हे त्यात कुठंच येत नाही, आणि खरी मजा तर तिथंच आहे. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, वाचायची हौस आहे एवढंच, पण कुठल्याही राणीबद्दल वाचताना मी जे प्रश्न विचारत जातो ते इथं लिहितोय. तुम्हीही वापरून बघा.

तलवार आधी बाजूला ठेवा

पुतळा घोड्यावर आहे म्हणून सत्ता होती असं नाही आणि चित्रात हातात पिंड आहे म्हणून बाई नुसत्या देवधर्म करत होत्या असंही नाही. चित्रं नंतरची असतात. आपण बघायचं ते कागद, नाणी, शिक्के आणि पैसा.

हुकूम कुणाच्या नावानं सुटत होता?

हा पहिला प्रश्न, आणि यातच अर्धं काम होतं. दिल्लीची रझिया घ्या. बाप इल्तुतमिश ग्वाल्हेरच्या मोहिमेवर गेला तेव्हा दिल्लीचा कारभार हिच्याकडे सोपवून गेला होता, परत आल्यावर मुलं असताना त्यानं हिलाच वारस म्हटलं, पण तो १२३६ला गेल्यावर सरदारांनी बसवलं कुणाला, तर मुलाला, रुक्नुद्दीनला. तो सात महिनेही टिकला नाही. मग रझिया आली. आता तिची नाणी बघा, सुरुवातीच्या नाण्यांवर बापाचं नाव सोबत आहे आणि नंतरच्या नाण्यांवर फक्त तिचं. म्हणजे आधी "मी अमक्याची मुलगी" म्हणून पाय रोवले, जम बसल्यावर बापाचं नाव काढलं.

काश्मीरच्या दिद्दाचं उलटं, तिच्या नवऱ्याच्या म्हणजे क्षेमगुप्ताच्या हयातीतच नाण्यावर त्याच्या नावाआधी तिच्या नावाचं "दि" आलं. नंतर मुलगा, नातू यांच्या नावानं कारभार करत करत साधारण ९८०पासून ती स्वतःच गादीवर बसली ती १००३पर्यंत. 'राजतरंगिणी' लिहिणाऱ्या कल्हणानं तिच्याबद्दल फार वाईटसाईट लिहिलंय आणि त्यातलं बरंचसं खरंही असेल, नातवांचा काटा काढल्याचा आरोप आहे तिच्यावर. राणी म्हणजे गुणांची पुतळीच असली पाहिजे असा हट्ट सोडा, राजांकडून आपण कुठं तशी अपेक्षा करतो.

आणि हे सगळं काही लांबच नाही घडलेलं. विदर्भातल्या वाकाटकांची प्रभावतीगुप्त, नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान, कारभार हिच्या हातात. तिचा ताम्रपट पुण्यात सापडलेला आहे. त्यातल्या मुद्रेवर ती स्वतःला युवराजाची आई म्हणवते, म्हणजे अधिकार मुलाच्या नावाचा. पण आत वंशावळ दिली आहे ती सासरची नाही, माहेरची, गुप्तांची, आणि गोत्रही बापाचंच सांगितलंय. लग्न झालेल्या बाईनं पाचव्या शतकाच्या आसपास सरकारी कागदात माहेरचं गोत्र लावणं म्हणजे काय ते विचार करा. बाप दुसरा चंद्रगुप्त होता, त्याचं वजन होतंच, ते तिनं बरोबर वापरलं.

म्हणजे "नाव मुलाचं आहे मग ही फक्त पालक" असं चटकन ठरवू नका. ताराबाईंनी राजाराम महाराज १७००मध्ये सिंहगडावर वारल्यावर चार वर्षांच्या मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवलं. कागदोपत्री राजा तो. पण औरंगजेबाशी सात वर्षं लढाई चालवली कुणी?

पैसा कुणाच्या हातात होता?

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण बहुतेक भाषणांत हा भाग येतच नाही.

अहिल्याबाईंचं बघा. नवरा खंडेराव १७५४ला कुंभेरच्या वेढ्यात गेला, सासरे मल्हारराव १७६६ला, मुलगा मालेराव १७६७ला. तेरा वर्षांत तिघं. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचं म्हणणं पडलं की एखादा लहान मुलगा दत्तक घ्या आणि बाईंनी स्वस्थ बसावं, आणि त्यांना राघोबादादांची साथ होती. दत्तक मूल लहान असलं की कारभार दिवाणाकडे, सोपा हिशोब. बाईंनी नाही म्हटलं. राघोबादादांना बाईंनी बायकांच्या फौजेची धमकी दिली ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, ती सांगा हवं तर, पण गोष्ट म्हणून सांगा. त्याहून भक्कम मुद्दा हा की त्यांनी माधवराव पेशव्यांची मान्यता मिळवली, त्यामुळे राघोबादादांचे हात बांधले गेले. चुलत्याच्या विरोधात पुतण्याचा पाठिंबा मिळवणं, आणि तोही त्या दोघांचं आपापसात पटत नसताना, याला म्हणतात राजकारण.

पण मूळ मुद्दा खासगीचा. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते, दौलत म्हणजे राज्याचं आणि खासगी म्हणजे राणीचं स्वतःचं. खासगीची जहागीर पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नीला, गौतमाबाईंना दिलेली, त्या १७६१ला गेल्यावर ती अहिल्याबाईंकडे आली. म्हणजे राज्य हातात येण्याच्या आधीपासून या बाईंकडे स्वतःचं उत्पन्न होतं, ज्याचा हिशोब कुणी मागू शकत नव्हतं. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर, सोमनाथचं जुनं मंदिर, गयेचं विष्णुपद, वेरूळचं घृष्णेश्वर, शिवाय ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा, हे बहुतेक खासगीतून. आणि यातली कितीतरी ठिकाणं होळकरांच्या राज्यात नव्हतीच. फौज न पाठवता इतक्या लांब आपलं नाव पोचवलं त्यांनी. याला नुसती भक्ती म्हणून सोडून देऊ नका, भक्ती होतीच, पण दुसऱ्याच्या मुलखात पैसा ओतून मान मिळवणं हे राज्यकर्त्याचं काम आहे.

नाण्यांवर त्यांचं चित्र नाही, शिवलिंग आणि बेलपान आहे. हुकूम "श्री शंकर आज्ञेवरून". विधवा बाईचा हुकूम मोडायला एखादा सरदार धजेल पण शंकराचा कसा मोडणार?

ऐकत कोण होतं?

सत्ता म्हणजे शेवटी कुणी सांगितलेलं कोण ऐकतं ते. फौज तुकोजी होळकरांकडे होती, घराण्याशी सख्खं नातं नसलेला माणूस, बाईंपेक्षा वयानं मोठा, पण त्यांना आई म्हणायचा असं माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. गोड वाटतं ना, पण मोहिमेवरून पैसे मागणारे तुकोजी आणि आधीचा हिशोब मागणाऱ्या बाई अशी कुरबुर कायम चालायची. तलवार त्याच्याकडे, तिजोरी हिच्याकडे, म्हणून त्याला डोईजड होता आलं नाही. बरं युद्धातलं बाईंना कळत नव्हतं असंही नाही, मल्हाररावांनी हयातीतच त्यांना तोफा आणि दारूगोळ्याची कामं पत्रातून सांगितलेली आहेत.

ताराबाईंच्या बाबतीत हा प्रश्न शत्रूलाच विचारा. मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान, त्याला यांचं कौतुक करायचं काही कारण नाही, तरी तो लिहितो की सरदार नेमणं काढणं, फौजा माळव्यापर्यंत पाठवणं हे सगळं ही बाई करत होती. औरंगजेब साताऱ्यापासून तोरण्यापर्यंत किल्ले घेत सुटला, बरेचसे किल्लेदारांना पैसे चारून घेतले, आणि तो पुढं सरकला की मराठे मागून परत घ्यायचे. यात रामचंद्रपंत अमात्य, धनाजी जाधव यांचा वाटा मोठा आहे, तो कापू नका, तेवढ्यानं ताराबाई लहान होत नाहीत.

पण ऐकणारे कायम ऐकत नाहीत. १७०७ला औरंगजेब मेला, शाहू सुटून आले आणि खेडच्या लढाईत धनाजी तिकडे गेले. दिल्लीत रझियाचं तेच झालं. याकूत हबशी होता, त्याला घोडदळाच्या तबेल्याचा प्रमुख केल्यावर तुर्क सरदार बिथरले, १२४०ला सगळं संपलं. तिच्या आणि याकूतच्या प्रेमाच्या गोष्टी पुढं भरपूर रंगवल्या गेल्या. मला विचाराल तर राग बाईच्या प्रेमाचा नव्हता, बिगरतुर्काला मोठं पद दिल्याचा होता.

कपड्यांकडे बघा पण भुलू नका

इजिप्तची हत्शेपसूट इसवीसनापूर्वी १५व्या शतकातली, सावत्र मुलाच्या नावानं कारभार करता करता स्वतःच फॅरो झाली आणि पुतळ्यांत खोटी दाढी लावून बसली. वारंगळची रुद्रमादेवी रुद्रदेव महाराज अशा पुरुषी नावानं वावरली. रझियानं पडदा सोडला, अंगरखा आणि टोपी घालून हत्तीवरून उघड फिरली. हे सगळं भाषणात टाळ्या घेतं. पण मग भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम बघा, १९०१ ते १९२६ बुरख्यात राहून राज्य केलं, अलीगढ विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. आणि अहिल्याबाई तर पांढऱ्या लुगड्यात, विधवेनं जसं राहावं तसंच. बाहेरून चौकट एवढी सांभाळली की आत काय मोडलं ते बोलायला कुणाला जागाच राहिली नाही.

यात एक अवघड गोष्ट आहे, ती वगळू नका. नवरा गेला तेव्हा अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, मल्हाररावांनी थांबवलं. पुढं १७९१ला जावई गेल्यावर मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईनं विनवण्या केल्या, ऐकलं नाही. एवढं राज्य हातात असून घरात हे थांबवता आलं नाही.

लिहिणारा कोण हेही विचारा

रझियाचाच इतिहासकार मिन्हाज तिच्यात राजाला लागतात ते सगळे गुण होते म्हणतो आणि लगेच म्हणतो की पुरुष म्हणून जन्मली नाही मग या गुणांचा उपयोग काय. असं वाक्य सापडलं की खूण करून ठेवा, स्तुती आणि नकार एकाच दमात. हत्शेपसूटचं नाव तर तिच्या मागून भिंतींवरून छिन्नीनं खरवडून काढलं. काहीच नसतं तर खरवडायचे कशाला? जिथं बाईला फार शिव्या आहेत किंवा नाव खोडलंय तिथं जरा थांबून बघाच.

राज्य गेल्यावर काय केलं?

हा माझा आवडता प्रश्न. ताराबाईंना १७१४ला कोल्हापुरात सवत राजसबाईनं बाजूला केलं, लेख लिहिणारे बहुतेक लोक इथंच थांबतात. पण शाहू १७४९ला गेल्यावर रामराजाला आपला नातू म्हणून गादीवर आणलं कुणी, ताराबाईंनीच. तो पेशव्यांच्या कह्यात जातोय दिसल्यावर १७५०ला साताऱ्याच्या किल्ल्यावर त्यालाच कैद केलं, वय तेव्हा पंच्याहत्तर. पुढं पेशव्यांशी समेट करताना जेजुरीत खंडोबापुढं शपथ घेतली की हा माझा नातूच नाही. हे वाचून बाई आवडतात की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण भाषणात हा भाग घ्याच, आयोजक नको म्हणाले तरी.