गर्दीच्या जिममधून सुटताना: माझा अनुभव

अंधेरीतल्या आमच्या साखळी जिममध्ये संध्याकाळी सात ते नऊ म्हणजे विरार फास्ट. स्क्वॉट रॅक एकच, त्यात कुणीतरी रील बघत उभा, बेंच घामाने ओला. मॅनेजरचं उत्तर ठरलेलं, "सर, पीक अवर आहे." नव्या मेंबरशिपवर सूट मात्र बारमाही!

दुपारी तीनला मोकळं असतं, पण तेव्हा ऑफिस. म्हणून सोडायचं ठरवलं. खरी कटकट इथे. पैसे दरमहा आपोआप कापले जायचे, आणि बंद करायला "ब्रँचला या, सर सही करतील". सर कधीच जागेवर नसत. मी यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेत जाऊन मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली संमती, स्वतःच रद्द केलं. त्याला जिमची परवानगी लागत नाही. तेवढ्याने करार संपत नाही, म्हणून मेंबरशिप बंद करायचा ईमेलही टाकला. त्यात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा, १९१५चा उल्लेख केला. उत्तर चक्क त्याच दिवशी आलं. रद्द झाल्याचं लेखी मागून घ्या, फोनवरचं "हो सर" धरू नका.

आता जवळच्या जुन्या व्यायामशाळेत जातो. एसी नाही, पंखा कुरकुरतो, पण बारबेल मोकळा मिळतो आणि वजनं जागेवर न ठेवणाऱ्याला सर सगळ्यांदेखत झापतात.