ओट्यामागच्या भिंतीवर स्टिकर टाइल्स लावताय? या चुका टाळा

मुंबईत भाड्याच्या घरात ओट्यामागची भिंत फोडून नव्या लाद्या बसवणं जवळपास अशक्य. ११ महिन्यांचा करार, मालकाकडे अडकलेलं डिपॉझिट, वर सोसायटीचे नियम. म्हणून मागचा कागद सोलून भिंतीवर दाबायच्या स्टिकर टाइल्सकडे लोक वळतात. त्या छान दिसतात, टिकतातही. तरी कितीतरी घरांत पहिल्याच पावसाळ्यात त्यांचे कोपरे उचलले जातात आणि खापर टाइल्सवर फुटतं. माझ्या मते बहुतेक वेळा दोष भिंतीचा असतो, नाहीतर निवडलेल्या महिन्याचा.

शेगडीच्या वरच्या भिंतीवर बोट फिरवून बघा. रोजच्या फोडणीचं तेल उडून तिथे पिवळट चिकट थर बसलेला असतो आणि ओल्या फडक्याने तो नुसता पसरतो. जुन्या लाद्या असतील तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासा. ऑइलपेंट असेल तर सोडा नको, रंग खराब होतो. तिथे भांड्यांचं लिक्विड पुरे. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा, कारण साबणाचा अंश राहिला तरी गोंद धरत नाही. पुसून झाल्यावर किमान एक दिवस भिंत सुकू द्या.

कोरड्या भिंतीवरून तळहात फिरवल्यावर पांढरा झाला, तर तो साधा डिस्टेंपर आहे. त्यावर लावलेली टाइल भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटते. डिस्टेंपर खरवडून प्रायमर मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवा रंग दिला असेल तर तीन-चार आठवडे थांबा.

सगळ्यात महागात पडते ती ओल. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि बाथरूमची भिंत अनेकदा एकच असते, आणि पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर नैर्ऋत्येचा पाऊस सरळ झोडपतो. रंगाला फुगे आलेत, पोपडे सुटलेत किंवा पांढरी पावडर फुटलीय, तर टाइल लावून ते झाकू नका. पाणी मागे कोंडतं, काळी बुरशी धरते आणि टाइल पडते तेव्हाच कळतं. शंका असेल तर प्लास्टिकचा दीड-दोन फुटांचा तुकडा चारही बाजूंनी पक्का टेप लावून दिवसभर भिंतीवर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरून जमले तर ती खोलीतली दमट हवा. भिंतीतून येत असेल तर आधी गळती बंद करून घ्या. टाइल्सचं नंतर बघू.

जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तो काळ उत्तम. हा गोंद दाबानेच धरतो, त्यामुळे प्रत्येक टाइल मधून कडेकडे जोर लावून दाबा आणि नंतर दोन दिवस तिथे तळण-उकळण टाळा.

शेगडीच्या अगदी मागे मात्र या टाइल्स नकोच, आणि याबाबत मी तडजोड करणार नाही. बहुतेक टाइल्स व्हिनाइलच्या असतात; उष्णतेने त्या मऊ पडतात, आकसतात आणि पेटूही शकतात. पाकिटावर लिहिलेलं अंतर पाळा. ते नसेल तर बर्नरपासून वीतभर जागा ही किमान समजा. शेगडीमागे स्टीलचा पत्रा किंवा टफन्ड काच लावा. पाइप गॅसची नळी आणि व्हॉल्व्हही झाकू नका. स्विचबोर्डाभोवती कापताना एमसीबी, म्हणजे मीटर-पेटीतला वीज तोडणारा स्विच, बंद हवा.

ओटा सरळ आहे असं धरून चालू नका. लेव्हल बॉटलने (बुडबुड्याची सपाटी मोजायची पट्टी) पेन्सिलची आडवी रेघ मारा आणि त्यावरून सुरुवात करा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या टाइलपर्यंत तिरकेपणा डोळ्यांत भरतो. कागद एकदम सोलू नका. वरचा दोन इंच सोलून जागा पक्की करा, मग उरलेला ओढत दाबत या. ओट्याला टेकणारी कड सिलिकॉनने बंद करा. सिंकचं पाणी तिथूनच आत शिरतं.

कोपरा उचलला असेल तर हेअर ड्रायरची मंद गरम हवा देऊन पुन्हा दाबा. मागे तेलकट झालं असेल तर ते स्पिरिटने पुसावं लागेल, आणि गोंद मेला असेल तर ती टाइल बदलणंच बरं. फुगा आला तर टाचणीने टोचून हवा काढा.

घर सोडताना टाइल ओढून उपटू नका. गरम हवा देत एका कोपऱ्यातून सावकाश सोला. उरलेला गोंद खोबरेल तेलाने सुटतो, मग साबणाने धुवा. तरीही रंगाचा पापुद्रा सोबत येऊ शकतो, त्यामुळे लावण्याआधीच मालकाशी बोलून घ्या आणि भिंतीचे फोटो काढून ठेवा.