महाडचं १९२७ साल मुलांना चालत कसं दाखवावं

गेली काही वर्षं मी नववीच्या मुलांना महाडला नेते. पहिल्या वेळी गाडी थेट चवदार तळ्यावर नेली. मुलं पायऱ्या उतरली, पुतळ्यासमोर फोटो झाले, आणि परतताना एकीने विचारलं, "बाई, पाणी प्यायले, म्हणजे मग सगळं मिळालं ना त्यांना?" मला तो प्रश्न फार लागला, कारण मीच तसं दाखवलं होतं. १९२७ मध्ये अस्पृश्य मानलेले लोक या तळ्याच्या पाण्याच्या हक्कासाठी बाबासाहेब आंबेडकरांसोबत महाडला दोनदा आले, मार्चमध्ये आणि डिसेंबरमध्ये. मधल्या नऊ महिन्यांत जे झालं ते कळल्याशिवाय मार्चच्या त्या ओंजळीचं मोल कळत नाही. म्हणून आता मी मुलांनाही एकाच दिवसात दोनदा महाडमध्ये शिरायला लावते.

आधी दिवस ठरवा. २० मार्च आणि २५ डिसेंबर सोडून द्या. त्या दिवशी लांबून माणसं वंदन करायला येतात, तो त्यांचा दिवस आहे. आपण पस्तीस मुलं घेऊन वाट अडवू नये. जानेवारी-फेब्रुवारीतला साधा वार घ्या आणि सकाळी आठपर्यंत पोचा.

आदल्या आठवड्यात पुठ्ठ्यांवर तारखा लिहून घ्या. पुढे फक्त तारीख, मोठ्या अक्षरात. मागे काय घडलं ते मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं, पुस्तकातलं वाक्य उतरवायचं नाही. दोन पुठ्ठे वेगळ्या रंगाचे ठेवा, कारण ते त्या सालाच्या आधीचे आहेत. एक ४ ऑगस्ट १९२३ चा: मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. दुसरा १९२४ चा: सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं. मुलांना इथेच थांबवा आणि विचारा, तीन वर्षं तळं कागदावर खुलं होतं, मग पाणी कुणी भरलं नाही ते का? उत्तर लगेच सांगू नका.

महाडला उतरल्यावर बाटल्या अर्धा तास पिशवीत ठेवायला सांगा. तेवढ्यात १९ मार्चचा पुठ्ठा वाचा. कुलाबा (आजचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषदेला जमलेल्या माणसांसाठी चाळीस रुपये मोजून पाणी विकत घ्यावं लागलं होतं, आणि तळं तर गावातच होतं. मग चालत तळ्यावर या. २० मार्चचा पुठ्ठा काठावर उभं राहून वाचायचा: तळ्यावर जाऊ या, असं अनंतराव चित्रे यांनी सुचवलं, सगळे निघाले, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायलं. आता बाटल्या उघडू द्या. (तळ्यातलं पाणी पिऊ देऊ नका, घरचंच प्यावं.) इथून लगेच निघू नका. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली, आणि बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही, हेही त्याच पुठ्ठ्यावर असायला हवं. नंतर शेण, गोमूत्र, दही घालून १०८ घागरींनी तळं 'शुद्ध' केलं गेलं. हे वाचताना मुलं माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालत नाही आणि आवाजही हळू करत नाही. तुम्हीही करू नका.

मग गाडीने महाडच्या बाहेर पडा, दासगावला जा. जेवण तिथे. मधले महिने इथे वाचायचे: ३ एप्रिलला मुंबईत 'बहिष्कृत भारत' सुरू झालं, ४ ऑगस्टला महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. मुलांना वेगळ्या रंगाचा पहिला पुठ्ठा शेजारी धरायला सांगा. तीच तारीख, बरोबर चार वर्षांनी. दरवर्षी कुणाला तरी ते आपणहून दिसतं, म्हणून घाई करू नका.

डिसेंबरमध्ये बाबासाहेब मुंबईहून बोटीने याच दासगावला उतरले आणि पाच मैल चालत महाडला गेले. आता तो रस्ता महामार्ग आहे, मुलांना त्यावर चालवू नका. गावातल्या गावात, सावित्री नदीच्या बाजूने थोडं चाला आणि पुढे गाडीत बसा.

दुसऱ्यांदा महाडमध्ये शिरलात की क्रांतिस्तंभापाशी, म्हणजे मनुस्मृती जाळल्याच्या स्मारकापाशी उतरा. डिसेंबरच्या परिषदेला जागा कुणी देईना, ती फत्तेखान यांनी दिली, हे सांगा. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली. ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. मुलं नेहमी विचारतात, "ते ब्राह्मण होते ना?" हो म्हणा, आणि ब्राह्मण नव्हते पण अस्पृश्यही नव्हते अशी टिपणीस, चित्रे ही नावंही पुन्हा आठवून द्या.

सगळ्यात जास्त वेळ २७ डिसेंबरला द्या, कारण ते समजायला अवघड आहे. १४ डिसेंबरला कोर्टाने तळ्यावर जायला तात्पुरती मनाई केली होती. हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आली होती, आणि पुन्हा तळ्याचं पाणी घ्यायचा सत्याग्रह तहकूब करायचं ठरलं. मिरवणूक निघाली, पाण्याला हात लावला नाही. काही मुलांना हा पराभव वाटतो. त्यांना भांडू द्या. मला स्वतःला मार्चपेक्षा हा दिवस मोठा वाटतो, आणि मी तसं सांगते, पण त्यांचं ऐकून झाल्यावर.

त्याच मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी बोलले: लुगडं घोट्यापर्यंत नेसा, अस्पृश्य म्हणून ओळखू येतील असे दागिने टाका. बायकांनी नेसण बदललं. हा पुठ्ठा मुलीनेच वाचावा. माझ्या वर्गातल्या एकीने वाचताना स्वतःच्या पायाकडे पाहिलं होतं.

एक पुठ्ठा मात्र पिशवीतच ठेवा: १७ मार्च १९३७, हायकोर्टाचा निकाल, तळं सर्वांचं. परतीच्या वाटेवर दासगाव मागे पडलं की तो मागच्या बाकावरून पुढे पाठवा, हातोहात. दहा वर्षांना तीन दिवस कमी, हा हिशेब मुलांनाच करू द्या.