पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे असला तर की अन् व्हॅल्यू कशी शोधायची

अ‍ॅरे म्हणजे माहितीची यादी, त्यातलं नाव ती की अन् त्या नावाखाली ठेवलेलं ती व्हॅल्यू. समजा बेळगाव जिल्ह्याचा अ‍ॅरे केलाय, त्यात खानापूर, निपाणी हे तालुके की म्हणून, अन् खानापूरच्या आत नंदगड, जांबोटी, कणकुंबी ही गावं व्हॅल्यू म्हणून. की आहे का बघायला सरळ 'इससेट' (isset) लावा, एका दमात कितीबी खोल जाता येतं, मधली की नसली तरी वॉर्निंग येत नाही. गोची एकच, व्हॅल्यू नल (म्हणजे काहीच नाही) असली तर की असूनपण ते फॉल्स देतंय, तिथं 'अ‍ॅरे की एक्झिस्ट्स' (array_key_exists) वापरा, पण ते एकच लेव्हल बघतंय बरं का, म्हणून आधी खानापूरचा अ‍ॅरे हातात घ्या मग त्यात विचारा.

व्हॅल्यू शोधायला 'इन अ‍ॅरे' (in_array). तेपण वरचीच लेव्हल बघतंय, अख्ख्या जिल्ह्यात कणकुंबी शोधायला गेलात तर मिळणारच नाही की ओ. मग फॉरईच (foreach, एकेक घटक घेणारं लूप) लावून छोटं फंक्शन लिहा, आत अ‍ॅरे निघाला तर त्याच फंक्शनला परत कॉल, सापडलं तर तिथंच ट्रू रिटर्न.

अन् 'इन अ‍ॅरे'ला तिसरा पॅरामीटर ट्रू द्याच (म्हणजे आकडा का अक्षरं हा प्रकारपण जुळवून बघतंय), नाहीतर पीएचपी 7 मध्ये शून्य आकडा अन् 'जांबोटी' सारखेच धरतंय, 8 मध्ये ते सुधारलंय, पण जुन्या होस्टिंगवर कुठलं व्हर्जन असेल काय भरवसा.